रायगडावर शिजलेली मसलत

३ एप्रिल १६८०. रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. त्यांना अंधारात ठेवून गडावर मसलत शिजली. २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवण्यात आलं आणि सचिव अण्णाजी दत्तो व पेशवे मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करायला निघाले.

ही माणसं उपरी नव्हती. १६७३ मध्ये पन्हाळा पुन्हा स्वराज्यात आला, त्या मोहिमेमागे हेच अण्णाजी होते. म्हणूनच हा सगळा प्रकार मनाला फार लागतो.

आता सारी भिस्त होती सरसेनापतींवर. हंबीरराव मोहिते म्हणजे राजारामांच्या आईचे, सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा गादीवर राहिला असता, तर दरबारात त्यांचंच वजन वाढलं असतं. तरीही हंबीरराव थोरल्या धन्याच्या बाजूने उभे राहिले. दोन्ही मंत्र्यांना त्यांनी पकडलं आणि पन्हाळ्यावर हजर केलं. फौजच फिरली, तिथे कट कुठला टिकणार? जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या ताब्यात आला.

१६ जानेवारी १६८१ला संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांनी अण्णाजींना माफ केलं, पुन्हा कारभारात घेतलं. संभाजीराजांना सूडबुद्धीचा राजा म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या इंग्रजांनी एका पत्रात लिहिलं: राजाच्या माशांच्या जेवणात विष कालवण्याचा बेत होता, एका लहान मुलाने तो वेळीच सांगितला. ते अन्न एका नोकराला आणि कुत्र्याला घातलं, दोघेही काही तासांत मेले.

पाठोपाठ दुसरा घाव. औरंगजेबाचा बंडखोर शहजादा अकबर कोकणात आश्रयाला आला होता. कटवाल्यांनी त्यालाच सामील करून घेण्यासाठी पत्र धाडलं. अकबराने ते सरळ संभाजीराजांकडे पोचवलं. आता माफी नव्हती. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांना देहान्त मिळाला. त्यांच्यासोबत चिटणीस बाळाजी आवजीही गेले. बखरकार त्यांना निर्दोष मानतात, आणि मलाही ते कटात होते असं वाटत नाही.

बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांना संभाजीराजांनी चिटणिशीवर ठेवलं. पुढे तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याला मुघलांचा वेढा पडला. त्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढताना, मुघलांकडे असलेल्या शिर्क्यांची मदत मिळावी म्हणून याच खंडो बल्लाळांनी दाभोळचं आपलं वतन त्यांना देऊन टाकलं.