चिकित्सक

नमस्कार श्रोतेहो.

"तिला साडी आणू नकोस गं, सरळ पैसे दे. भारी चिकित्सक आहे ती!" हे वाक्य कानावरून गेलं नाही असं मराठी घर सापडणं अवघड. ज्याच्या पसंतीला काही उतरत नाही, जो भेंडीसुद्धा शेंडा मोडून पाहिल्याशिवाय घेत नाही, असा माणूस आपल्याकडे चिकित्सक ठरतो. आणि म्हणणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा वैताग असतो.

हिंदीत मात्र चिकित्सक म्हणजे डॉक्टर. तसं आपल्याकडेही जिल्हा शल्यचिकित्सक हे पद आहे, पण ते पाटीवर. बोलण्यात आपण हा शब्द डॉक्टरांसाठी क्वचितच वापरतो. मग दवाखान्यातला शब्द साडीच्या दुकानात कसा येऊन पोचला?

पाणिनीने गुप्, तिज् आणि कित् हे तीन धातू एकाच सूत्रात घेतले आहेत. त्यांना सन् प्रत्यय लागून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा हे शब्द तयार होतात. पुढच्या वैयाकरणांनी या 'कित्'चे अर्थ सांगताना रोगावर उपाय करणं हा अर्थ दिलाच, पण त्याच्या जोडीला संशय हाही अर्थ नोंदवला. आधुनिक अभ्यासक चिकित्सेचं मूळ 'चित्' या धातूत पाहतात. चित् म्हणजे लक्ष देणं, ध्यानात घेणं. म्हणजे या शब्दात औषधाच्या आधीपासून नजर आहे आणि शंकाही आहे.

वैद्याचं कामही तसंच चालतं. चरकसंहितेतलं चिकित्सास्थान 30 अध्यायांचं आहे, पण उपचाराआधी परीक्षा हवीच. वाग्भटाने रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आता साडीच्या दुकानातल्या त्या बाईंकडे पाहा. पदर उजेडात धरून न्याहाळतात, पोत बोटांनी चाचपतात आणि विचारतात, "रंग जाणार नाही ना?" वाग्भटाचे तिन्ही मार्ग तिथे हजर! मराठी बोलण्याने उपचाराचा भाग मागे ठेवला आणि परीक्षेचा भाग घट्ट धरला, असं मला वाटतं.

याच्या शेजारचा शब्द चोखंदळ. तो 'चोख'वरून आला आणि त्याच्या वाट्याला कौतुक आलं. चोखंदळ वाचक, चोखंदळ रसिक असं आपण मानाने म्हणतो. चिकित्सक माणसाला तो मान घरात मिळत नाही, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. कारण विद्येच्या क्षेत्रात याच शब्दाने मराठी मुलखात केवढं काम केलं आहे!

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर 1925 पासून 1943 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा किती लिप्यांमधल्या पोथ्या समोर ठेवून ओळ अन् ओळ पारखली गेली. 1966 साली ते काम पुरं झालं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा. ती मूळ संहितेतली नाही असं पोथ्यांवरून दिसलं, तेव्हा संपादकांनी ती परिशिष्टात ठेवली. गणपतीच्या पुण्यात! ही आहे चिकित्सा. आवडतं म्हणून ठेवलं नाही, आणि गाळलेलंही फेकून दिलं नाही.

या शब्दाचं एक जुनं नातं कठोपनिषदात भेटतं. यमाच्या दारी आलेला नचिकेता तिसरा वर मागताना म्हणतो, माणूस मेल्यावर उरतो की नाही, याबद्दल लोकांत 'विचिकित्सा' आहे, शंका आहे, ती फेडून सांग. यम टाळू पाहतो. पुत्र, नातू, हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य, सगळं देऊ करतो. पोराला त्यातलं एकही पसंत पडत नाही. हे सगळं तुझ्याकडेच राहू दे, म्हणतो, आणि पुन्हा त्याच प्रश्नावर येतो. यम त्याच्यावर वैतागत नाही. तुझ्यासारखा प्रश्न विचारणारा आम्हाला मिळत राहो, असं तो नचिकेत्याला म्हणतो.

नमस्कार.