आधी वय, मग सांधा

हाडे-सांधे तपासणाऱ्या परिचारिकेसमोर दीड वर्षाचे मूल आहे. त्याचे घोटे जुळले आहेत, पण गुडघ्यांमध्ये अंतर आहे आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. या वयात ते बहुधा वाढीचाच भाग असते. दोन वर्षांच्या आसपास हा बाक ओसरतो, तीन-चार वर्षांचे असताना उलट गुडघे एकमेकांना लागू लागतात आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत पाय प्रौढांच्या ठेवणीत येतात. मात्र असेच पाय पाचव्या वर्षी दिसले आणि मनगटेही रुंद वाटली, तर मुडदुसाची शंका घ्यावी लागते. साठीच्या बाईचे पाय असे दिसू लागले, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजल्याचा विचार करावा लागतो. तपासणीच्या कागदावर वय सर्वांत वर असते ते केवळ नोंदीपुरते नव्हे.

नवजात बाळाच्या तपासणीत खुब्याला सर्वाधिक महत्त्व आहे. खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून, मांडी आत आणून मागे हलका दाब दिला असता सैल सांधा खोबणीतून निसटतो. ही बार्लो चाचणी. मांडी बाहेर उघडत बोटांनी वर उचलली असता निसटलेला सांधा परत बसतो. ही ऑर्टोलानी चाचणी. सांधा बसतो तो झटका कानांपेक्षा हाताला कळतो, म्हणून ही चाचणी अनुभवी हाताखालीच शिकावी आणि जोर लावू नये. साधारण तीन महिन्यांनंतर या चाचण्यांचा भरवसा कमी होतो. तेव्हा मांडी पुरेशी बाहेर उघडते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ बसली की भरलेली चमक जाते, अशी समजूत आपल्याकडे आहे. परिचारिकेने मात्र ‘पायाळू’ हा शब्द ऐकताच त्या बाळाच्या खुब्याकडे वळावे, कारण अशा बाळांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, खुबा सैल असण्याचा किंवा निसटण्याचा हा दोष अधिक आढळतो. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे खुब्याला घातक आहे, हेही आईला आणि आजीला सांगावे.

किशोरवयात मुलीला कमरेतून पुढे वाकायला सांगून मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर कण्याचा बाक तपासून घ्यावा.

प्रौढांमध्ये पाहणे, चाचपणे, हालचाल आणि ताकद हा क्रम ठेवून दोन्ही बाजूंची तुलना करावी आणि दुखरा सांधा शेवटी हाताळावा. ताकद शून्य ते पाच या श्रेणीत नोंदवतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता आला, पण तपासणाऱ्याचा विरोध मुळीच झेपला नाही, तर श्रेणी तीन. चारची, म्हणजे थोडाफार विरोध झेपण्याची, श्रेणी फार ऐसपैस असल्यामुळे तिथे दोन तपासणाऱ्यांचे मत सहज वेगळे पडते.

वृद्धांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगावे. बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका गृहीत धरावा. पडलेल्या आजींचा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर मात्र खुब्यापाशी हाड मोडले असावे असे धरून हालचालीची कोणतीही चाचणी न करता पाय आहे तसाच स्थिर ठेवावा, पावलाची नाडी आणि संवेदना तपासावी आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे.