आधी उसवायचं, मग शिवायचं

नमस्कार श्रोतेहो.

बरीच वर्षं बंद पडलेल्या जुन्या गाडीचं दार उघडलं की आधी भेटतो तो वास. गोणपाट, काथ्या, जुनं रबर, सगळं मिसळलेला. काहींना तो फार आवडतो, मलाही आवडतो. पण त्यात ओलसर, कुबट अशी छटा असेल तर गाडीत कुठून तरी पाणी शिरतंय असं समजायचं. घरच्या घरी जुन्या गाडीचं अंतरंग नीट करायला निघालेला माणूस सहसा पहिल्याच दिवशी कापड निवडायला धावतो. मी म्हणतो, आधी पाणी शोधा.

खालचा गालिचा उचला. त्याखाली नमद्याचा थर असतो, त्याच्याखाली आवाज दाबणाऱ्या डांबरी पट्ट्या आणि मग पत्रा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर ठोकत जा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तिथं गंजानं पोखरलंय. मग एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी मारायचं. पाणी खालून वर मारत यायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून येतात आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

दाराची गंमत अशी, की काचेच्या कडेनं पाणी दाराच्या पोटात जाणारच, दार बनवतानाच ते धरलेलं असतं. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीनं बुजली की पाणी आतच साठतं. आतल्या पॅनेलच्या मागं एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हमखास कचरा समजून फाडला जातो. त्याच्यावाचून नवं कोरं पॅनेलसुद्धा ओल पिऊन फुगतं.

आता सीट. वायरींच्या आसपास हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. सीटचे बोल्ट गंजलेले असतात, त्यांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवलं तर सकाळी जरा ऐकतात. सीट उलटी केली की दिसतं, कव्हर खालच्या सांगाड्याला आणि स्प्रिंगांना तारेच्या छोट्या कड्यांनी आवळलेलं आहे. या कड्यांना हॉग रिंग म्हणतात. पक्कडीनं कापत जा, हिसडा देऊ नका. जीर्ण कापड कडीपाशीच फाटतं, आणि नेमकी तीच कड आपल्याला मापासाठी हवी असते.

कारण हे जुनं, विटलेलं कव्हर म्हणजेच तुमचा नकाशा. फोटो तर काढाच, पण प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं लिहा: पुढची बाजू कुठली, डावा की उजवा, वर काय. दोन तुकडे जिथं जुळतात तिथं शिवणीवर आडवी रेघ मारा, म्हणजे उसवल्यावर दोन्हींकडे अर्धी अर्धी खूण राहते. आणि दोन्ही सीट एकाच दिवशी उसवू नका. एक शाबूत ठेवा. गोट कुठं वळतो, कुठली शिवण कुठल्या शिवणीवर चढते, हे फोटोत दिसत नाही, हाताला लागतं. जुनं कापड वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, म्हणून माप थोडं आत घ्यावं लागतं. पण किती, ते नवा फोम बसवून, वर कच्चं टाचून पाहिल्यावरच ठरतं.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. दाराच्या पॅनेलसाठी पुठ्ठ्याचा साचा केला, रेक्झिनवर ठेवला, आखला, कापला. दुसऱ्या दारासाठी तोच साचा, तसाच ठेवून. संध्याकाळी माझ्याकडे दोन डावी दारं होती. साचा उलटा करायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. हात वेगात होता, एवढंच.

रेक्झिन शिवण्यात आणखी एक मेख आहे. साध्या कापडात सुईचं भोक मिटतं, यात मिटत नाही. म्हणून टाचण्या टोचायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. टाका मोठा, चारपाच मिलिमीटरचा ठेवायचा. बारीक टाके घातले तर टपालाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि बसताक्षणी तिथून फाटतं. धागा पॉलिस्टरचा घ्या, सुती धागा उन्हानं आणि ओलीनं कुजतो. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनायचं, आणि तो लेप झटकन पेट घेतो. फार जुन्या गाडीतलं मूळ रेक्झिन असेल तर त्याच्याजवळ हीट गन नको.

अस्सल चामडं असेल तर मात्र बदलायची घाई करू नका. भेगा भरता येतात, रंग देता येतो. चालकाच्या सीटची झिजलेली कड मला तरी नव्या चामड्यापेक्षा बरी दिसते. फक्त चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश फासू नका, नंतर त्यावर रंग धरत नाही.

दोन ठिकाणी मात्र हौस आवरा. सीटबेल्टची पट्टी ब्लीच करणं किंवा रंगवणं नको. तिचे धागे कमजोर होतात आणि ते अपघात होईपर्यंत कळत नाही. दुसरं म्हणजे, फार जुन्या मीटरांचे आकडे पूर्वी अंधारात चमकत असतील, तर तो रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, असू शकतो. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धआयुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. असा मीटर घरी खोलून खरवडायचा नाही.

छताचं अस्तर मी नेहमी शेवटी नाही, सीट आत जाण्याआधी करतो, म्हणजे उभं राहायला जागा मिळते. आतल्या आडव्या तारा सारख्या दिसल्या तरी प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. काढताना क्रमांक घाला. गाडी उन्हात ठेवून कापड कोमट झालं की ताणायला घ्या, मधून सुरुवात करून पुढं आणि मागं, मग कडांकडे. एकदम चिकटवू नका. आधी सगळीकडे चिमटे लावून एक रात्र जाऊ द्या. सकाळी पुन्हा ओढलं की दिसतं, आदल्या रात्री ताठ वाटलेलं कापड किती सैल होतं ते.

एवढं करूनही माझ्या गाडीत मागच्या काचेच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती उरली. वाफ देऊन पाहिली, तीन वेळा सोडवून पुन्हा चिकटवली. चौथ्यांदा शिडी आणली, वर पाहिलं आणि शिडी परत नेऊन ठेवली.

नमस्कार.