कोणत्या देशातली अटक?

(स्पॅनिशमधून अनुवाद करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

‘पोलिसांनी एकाला अटक केली’ हे स्पॅनिशमध्ये सांगा म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडी आधी ‘आरेस्तार’ येतं. आपण या भाषेकडे इंग्रजीच्या वाटेने जातो, त्यामुळे ‘अरेस्ट’ म्हणजे ‘आरेस्तार’ आणि ‘डिटेन’ म्हणजे ‘देतेनेर’ ही जोडी डोक्यात पक्की बसलेली असते. त्यात मराठी बातम्यांची सवय: आधी ‘चौकशीसाठी ताब्यात घेतले’, मग ‘अटक केली’. मग ‘ताब्यात घेतले’ला आपण ‘देतेनेर’ लिहून मोकळे होतो. माद्रिदच्या वाचकाला मात्र त्यातून सरळ अटकच कळते.

स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेचा १७वा अनुच्छेद बघा. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला फार तर ७२ तास ठेवता येतं. त्याआधी एक तर सोडायचं, नाही तर न्यायाधीशापुढे उभं करायचं. आपल्याकडच्या २४ तासांच्या नियमाचंच हे भावंड. या स्थितीचं नाव ‘देतेन्सिओन’, आणि तो माणूस ‘देतेनिदो’. का पकडलं हे त्याला सांगावं लागतं, त्याला गप्प राहता येतं, वकील मिळतो. अटक आणि मोकळीक यांच्यामध्ये तिसरी जागा नाही, असं तिथल्या घटना न्यायालयाने १९८६मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून आपलं ते सोयीचं, धूसर ‘ताब्यात’ स्पेनच्या कायद्यात कुठे बसवावं हा खरोखर अवघड प्रश्न आहे. ओळख पटवण्यापुरतं ठाण्यात नेता येतं, तेही जास्तीत जास्त सहा तास. प्रसंग तेवढाच असेल तर तसं उलगडून लिहा.

मग ‘आरेस्तार’चं नाम, ‘आरेस्तो’, कुठे गेला? स्पेनच्या जुन्या दंडसंहितेत ती शिक्षा होती: लहान आरेस्तो ३० दिवसांपर्यंत, मोठा सहा महिन्यांपर्यंत. १९९५च्या संहितेत शनिवार-रविवारचा आरेस्तो आला, तोही २००३च्या दुरुस्तीने गेला. लष्करात शिस्तभंगासाठी तो आजही आहे. वर्तमानपत्रं ‘आरेस्तार’ सर्रास वापरतात, बोलण्यातही ते चालतं. पण कोर्टाचा कागद हाती असेल तर ‘देतेनेर’च.

मेक्सिकोत गेलात की हिशेब बदलतो. दारू पिऊन गाडी चालवणारा मेक्सिको सिटीतल्या नाक्यावर श्वासचाचणीत सापडला की त्याची रवानगी ‘एल तोरितो’ नावाने सगळ्या शहराला ठाऊक असलेल्या केंद्रात होते. तिथे २० ते ३६ तास काढायचे, पैसे भरून सुटका नाही. हा ‘आरेस्तो’. ही प्रशासकीय शिक्षा आहे आणि तिची ३६ तासांची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदात लिहिलेली आहे. याचं मराठी ‘अटक’ असं केलंत तर त्या माणसावर फौजदारी खटला चालू आहे असं वाचकाला वाटेल. गुन्हा करताना रंगेहाथ पकडलं तर ‘देतेन्सिओन’. न्यायाधीशाचं वॉरंट असेल तर ‘ओर्देन दे आप्रेएन्सिओन’. कोलंबियात वॉरंटला ‘ओर्देन दे काप्तुरा’ म्हणतात. आपण ‘कॅप्चर’ ऐकून युद्धकैदी डोळ्यापुढे आणतो, तिथे मात्र तो रोजचा कायद्याचा शब्द आहे. अर्जेंटिनाच्या राज्यघटनेचा १८वा अनुच्छेद तर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय कोणीही ‘आरेस्तादो’ होणार नाही असं म्हणतो. म्हणजे ‘कोर्टाच्या कागदात देतेनेरच’ हा स्पेनचा नियम तिथे जशाचा तसा लावता येत नाही.

आरोपीबद्दल एवढंच सांगतो: स्पेनने २०१५मध्ये तपासाच्या टप्प्यावर ‘इम्पुतादो’ (आरोप असलेला) ऐवजी ‘इन्व्हेस्तिगादो’ (तपास चालू असलेला) आणलं, कारण आधीच्या शब्दाने माणूस लोकांच्या नजरेत दोषीच ठरायचा. चिलीत आणि मेक्सिकोत ‘इम्पुतादो’ कायम आहे.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम आलो ते. चिलीत १९७३च्या लष्करी उठावानंतर माणसं उचलली गेली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी नेताना पाहिलं आणि सरकार म्हणत राहिलं, आमच्याकडे अशी कोणी व्यक्ती नाही. नातेवाइकांनी आपल्या माणसांना नाव दिलं ‘देतेनिदोस देसापारेसिदोस’. मराठीत याचं नुसतं ‘बेपत्ता’ झालेलं मी वाचलंय आणि मला ते सहन होत नाही. जत्रेत हरवलेलं मूलही बेपत्ताच असतं. इथे आधी सरकारी हात खांद्यावर पडला होता, आणि ते पहिल्या शब्दात आहे. ‘अटक करून बेपत्ता केलेले’ असं लिहा. लांब होतं, मथळ्यात मावत नाही, संपादक कात्री लावायला बघतो. त्याच्याशी भांडा, आणि मथळा दोन ओळींचा करून घ्या.