पडलेला डास उठून बसतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात संध्याकाळी गल्लीत धुराची गाडी आली की आपण काय करतो? पटापट खिडक्या लावून घेतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्या वेळी बहुधा आपल्याच घरात असतो, पलंगाखाली नाहीतर खुंटीवरच्या कपड्यांच्या आडोशाला. म्हणजे धूर बाहेर आणि डास आत.

पण समजा, औषध त्याच्यापर्यंत पोहोचलं. तरी तो मरेलच का?

हे तपासायची एक साधी रीत आहे. पारदर्शक नळीत आतून कीटकनाशक लावलेला कागद बसवतात. त्यात वीस-पंचवीस माद्या सोडायच्या आणि तासभर ठेवायच्या. काही वेळानं एकेक मादी तळाशी पडू लागते, पाय झाडते. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम! मग त्यांना स्वच्छ नळीत घेऊन साखरपाण्याचा बोळा ठेवतात आणि 24 तासांनी मोजतात. रात्री मेल्यासारख्या पडलेल्यांतल्या काही सकाळी नळीच्या भिंतीवर उभ्या असतात. शंभरातल्या 90 देखील मेल्या नाहीत, तर ते औषध त्या डासांवर चालत नाही असं धरतात.

आपण म्हणतो, डासांना औषधाची सवय झाली. तसं नाही हो. एकाच डासाला सवय होत नसते. कॉइल, लिक्विड, फवारा या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटाचीच औषधं असतात. ती डासाच्या मज्जातंतूंवरच्या एका बारीक दाराला धरून ते उघडंच ठेवतात, म्हणून तो तडफडतो. काही डासांत जन्मतःच त्या दाराची घडण जराशी वेगळी असते. काहींच्या शरीरात विष फोडून टाकणारी विकरं जास्त असतात. बाकीचे मेले की जागा यांचीच, आणि पुढची पिल्लावळही यांचीच. म्हणून गरज असो-नसो, घराघरात रात्रंदिवस मंद जळत राहणाऱ्या औषधाची मला फार काळजी वाटते.

हा धडा आपल्या देशानं एकदा गिरवलाय. डीडीटीची कीटकनाशक शक्ती शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल मिळालं. भारतात 1953 साली डीडीटी फवारून मलेरिया नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, आणि वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण साठच्या दशकात लाखाच्या आसपास आले. केवढं मोठं काम! 1976 साली तेच रुग्ण 64 लाखांवर गेले. मोहीम ढिली पडली होती हे खरंच, पण डीडीटीला दाद न देणारे डासही तोवर पसरले होते.

पाण्यातल्या अळीला उपसून कोरड्या जमिनीवर ओतलं, तर मात्र ती कुठल्याही जातीची असो, वाचत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना, तेही बघा. शहरातला मलेरियाचा डास तिथे वाढतो.

आणि पिंप नुसतं उपडं करू नका. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. काळ्या रव्यासारखे कण चिकटलेले असतील, ती एडिसची अंडी असू शकतात. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्या घ्या, आणि ती कड खसखसून घासा.