‘चाललंय’ म्हणजे नेमकं किती?

‘कसं काय चाललंय?’ असं विचारलं की मराठीत तीन उत्तरं मिळतात. ‘छान चाललंय’, ‘बरं चाललंय’ आणि नुसतं ‘चाललंय’. तिसऱ्यातला शेवटचा स्वर जरा लांबला, की महिनाअखेरीची ओढाताण आहे असं समजायचं. आजचा विषय हाच. सध्याच्या सरकारच्या काळात आपल्या घराची आर्थिक स्थिती सुधारली की बिघडली? सध्याचं म्हणजे कोणतं, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो : कोणतंही. तुमच्या मनात जे आहे ते. कारण या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. घर कसं चाललंय, हा पहिला. त्याचं श्रेय किंवा खापर कुणाचं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं आणि त्यावरून आपण पहिल्याचं देतो, असा माझा संशय आहे.

हा प्रश्न जगभर गाजवला रोनाल्ड रेगन यांनी. २८ ऑक्टोबर १९८०, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आठवड्यावर आलेली. तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या वादसभेत शेवटी त्यांनी थेट मतदारांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का? त्या वर्षी तिथे महागाईचा दर १३ टक्क्यांच्या वर होता. उत्तर काय येणार हे उघडच होतं. वकील उलटतपासणीत विचारतात ना, तसा हा प्रश्न. तेव्हापासून विरोधात बसलेला प्रत्येक पक्ष तो विचारतो आणि सत्तेत आला की विसरतो.

मघाशी मी तुम्हाला हात वर करायला सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज ज्यांची मिळकत जास्त आहे त्यांनी, असं म्हटल्यावर जवळपास सगळे हात वर गेले. मग ‘पूर्वीपेक्षा बरं चाललंय त्यांनी’ असं म्हटलं, तर मोजके हात उरले. दोन-तीन तर कोपरापर्यंत येऊनच थांबले. तुम्ही खोटं बोलला नाहीत. हिशेबच तसा आहे. समजा, पाच वर्षांत पगार ३० टक्क्यांनी वाढला आणि महागाई दरवर्षी ६ टक्के राहिली. सहा पंचे तीस, म्हणजे बरोबरी झाली असं वाटतं. पण महागाई चक्रवाढीने चढते. शंभराची वस्तू पाच वर्षांनी जवळजवळ १३४ ला जाते. पगार वाढूनही आपण मागेच.

पुढची गंमत बघा. सहाव्या वर्षी महागाई २ टक्क्यांवर आली. सरकार म्हणणार, महागाई आटोक्यात आणली, आणि आकड्यांच्या भाषेत ते खरंच आहे. पण १३४ ची वस्तू १०० ला परत येत नाही, ती १३६ च्या पुढे जाते. दर खाली आला म्हणजे चढण्याचा वेग कमी झाला, एवढंच. घरातल्या माणसाला ‘महागाई कमी झाली’ हे वाक्य ऐकून चीड येते ती यामुळे. शिवाय पगारवाढ झाली तर ती आपल्या कष्टाची आणि भाव वाढले तर ते सरकारमुळे, अशी वाटणी मनात झालेली असतेच. कोणत्याही सत्ताधाऱ्याला हे गणित सोडवता आलेलं नाही.

लोकांना विचारूनच हे मोजायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची ग्राहक-पाहणी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाली. वर्षापूर्वीच्या तुलनेत तुमच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती चांगली आहे की वाईट, असं ती विचारते. आपली रिझर्व्ह बँकही ग्राहकांच्या विश्वासाचा निर्देशांक काढते. त्यात १०० च्या वर म्हणजे आशावादी सूर आणि खाली म्हणजे निराशेचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, तो ४८.५ पर्यंत घसरला होता. तेव्हा कुणाला पक्ष विचारायची गरज नव्हती. एरवी असते. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सत्तांतर ठरलं, तशी मिशिगनच्या पाहणीत रिपब्लिकन समर्थकांची अर्थव्यवस्थेबद्दलची उमेद एकदम वाढली आणि डेमोक्रॅट समर्थकांची खचली. नवे अध्यक्ष पदावर यायला अजून दोन महिने होते! कुणाचा पगार बदलला नव्हता, कुणाचा हप्ता कमी झाला नव्हता.

त्याच देशाच्या मध्यवर्ती बँकेची २०२३ ची पाहणी तर मला फार बोलकी वाटते. आपलं स्वतःचं निदान ठीक चाललंय असं ७२ टक्के प्रौढांनी सांगितलं. देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे असं म्हणणारे मात्र २२ टक्के. म्हणजे माझं ठीक आहे, बाकीच्यांचं काही खरं नाही. स्वतःचं घर आपण पासबुकात बघतो आणि देश बातम्यांत. मतदानावरचा अभ्यास तर सांगतो की मत देताना बहुतेक लोक स्वतःच्या खिशापेक्षा देशाच्या हालहवालीकडे जास्त बघतात.

बरं, ‘घर’ म्हणजे तरी कोण? प्रश्न एकालाच विचारतात. बाजारहाट कोण करतं यावर उत्तर फिरतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की पुरुषांपेक्षा स्त्रियांना पुढची महागाई जास्त वाटते; पण जिथे दोघंही खरेदी करतात, तिथे हा फरक उरत नाही. जो रोज पिशवी घेऊन जातो, त्याला भाव दिसतात. जो महिन्यातून एकदा पगार बघतो, त्याला वाढ दिसते. एकाच छपराखाली दोन अर्थव्यवस्था. व्याजदर कमी केले की घराचं कर्ज फेडणारी सून सुखावते आणि ठेवीच्या व्याजावर राहणारे सासरे हिरमुसतात. निर्णय एकच, तारीख एकच. आता या कुटुंबाचं ‘बरं’ झालं की ‘वाईट’, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

मी घरखर्चाची वही ठेवतो. हल्ली ॲप असतात, पण मला वहीच बरी. परवा जुनी वही चाळली. त्यात ‘इतर’ म्हणून एक रकाना आहे. दहा वर्षांपूर्वी त्यात महिन्याला चार-पाच ओळी असायच्या. आता सगळ्यात लांब रकाना तोच. इंटरनेट, घरातल्या प्रत्येकाचा रिचार्ज, पाण्याच्या फिल्टरची देखभाल, न बघितल्या जाणाऱ्या मालिकांची वर्गणी. यातलं काहीही थांबवा म्हटलं तर घरात बंड होईल. ही महागाई म्हणायची की राहणीमान? सरकारी निर्देशांकात हे बरंचसं कुठे ना कुठे धरलेलं असतं, पण मनाच्या निर्देशांकात फक्त ‘पैसे पुरत नाहीत’ एवढीच नोंद होते.

म्हणून मी स्वतःपुरता प्रश्न बदललाय. उद्या मिळकत थांबली तर घर किती दिवस चालेल? हा आकडा दरवर्षी एकाच तारखेला वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. बरं-वाईट वाटण्यापेक्षा त्यावर माझा जास्त भरवसा आहे. एका वर्षी पगारवाढ चांगली झाली होती आणि हा आकडा तब्बल वीस दिवसांनी घसरला होता, कारण नवं कर्ज काढलं होतं. कर्जाच्या अर्जावर सही माझीच होती, कुठल्या मंत्र्याची नव्हती.

मागच्या वर्षी मलाही अशाच एका पाहणीचा फोन आला. घाईत होतो. वर्षापूर्वीपेक्षा स्थिती वाईट, असं सांगून मोकळा झालो. रात्री वही उघडली, तर शेवटच्या पानावरचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवसांनी जास्त होता. त्याच आठवड्यात विम्याचा हप्ता गेला होता आणि सकाळी सरकारवर कुणाशी तरी वाद घातला होता, तेवढंच डोक्यात होतं. उत्तर दुरुस्त करावं म्हणून त्या क्रमांकावर फोन लावला. तो लागला नाही.