कॅप्शन नंतर वाचा, आधी बंपर बघा

नमस्कार. स्क्रीनवरचा हा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. उघडाबोडका डोंगर, त्यावर नागमोडी चढत जाणारा रस्ता आणि प्रत्येक वळणावर अमेरिकन ट्रक. दुसऱ्या महायुद्धात, 1945 साली, अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरच्या, म्हणजे संदेशवहन आणि फोटोग्राफी सांभाळणाऱ्या विभागाच्या फोटोग्राफरने काढलाय. याच्याखाली वर्षानुवर्षं ‘बर्मा रोड’ नाहीतर ‘लेडो रोड’, म्हणजे ब्रह्मदेशातून चीनला रसद नेणाऱ्या रस्त्यांची नावं छापत आले, आणि लोक हा घाट ब्रह्मदेशात शोधायचे, चीनच्या युनान प्रांतात शोधायचे, सापडायचा नाही. सापडणार कसा, तो तिथे नाहीच. तो आहे चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात, छिंगलोंगजवळ, 24 वळणांचा घाट, युनानची राजधानी कुनमिंगच्याही पुढे. हे नक्की व्हायला 2002 उजाडलं.

हा फोटो मी मुद्दाम पहिला दाखवतो, कारण आपण सगळे आधी कॅप्शन वाचतो आणि मग फोटोत तेच बघतो. कॅप्शन ही नंतर कोणीतरी चिकटवलेली चिठ्ठी असते हो, ती चुकू शकते, मुद्दाम फिरवलेलीही असू शकते. जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हने, म्हणजे सरकारी अभिलेखागाराने, 2008 मध्ये 80 हजारांच्या आसपास फोटो ऑनलाइन खुले केले, तेव्हा जुनी कॅप्शन्स प्रचारकी असू शकतात असं स्वतःच सांगितलंय.

मग धरायचं काय, तर ट्रक. ट्रक खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या अंगावर इतक्या खुणा असतात की सगळ्याच जुळवून खोटं बोलणं अवघड. आता आपल्या भारतीय सैन्याच्या फोटोंत सारख्या दिसणाऱ्या गाड्या घ्या, कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेने बनवलेल्या, अशा 4 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यांची समोरची काच बघा. सरळ उभी असेल तर आधीची कॅब, म्हणजे ड्रायव्हरची केबिन. काचेची वरची कड पुढे आणि खालची आत, अशी उलटी तिरकी असेल तर ती 13 नंबरची कॅब, साधारण 1942 पासूनची. काच अशी लावली कारण ऊन पडून ती चमकली की वरून विमानाला दिसते. म्हणजे कॅप्शन म्हणतंय ‘इरिट्रिया, 1941’ आणि काच आहे उलटी, तर तिथेच थांबा, काहीतरी गडबड आहे.

आता याच कॅबच्या पुढच्या भागावर बघा, काळा चौकोन आहे आणि आत गोळा. तो गोळा लाल, 5व्या भारतीय डिव्हिजनची खूण. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल रंग काळपट येतो, त्यामुळे काळ्यावर लाल म्हणजे जवळजवळ दिसतच नाही, छोट्या जेपीजीत तर नाहीच नाही, मोठा स्कॅन उघडून उजेड वाढवला की मग हळूच वर येतो. नुसत्या खुणेवरून जागा कळत नाही, कारण ही डिव्हिजन इरिट्रियात लढली, वाळवंटात लढली, 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये होती आणि तिथून विमानाने इंफाळला नेली. पण लाल गोळा, अधिक उलटी काच, अधिक मागे बांबूचं बेट, हे तिन्ही एकत्र आलं की मी बिनधास्त म्हणतो, हा 1943 नंतरचा आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा. मला यात जो आनंद मिळतो तो सांगता येत नाही, एखादं जुनं पत्र वाचता यावं तसं होतं.

कधी खुणेच्या जागी नुसता खरवडलेला डाग असतो, ते सेन्सॉरचं काम. तो डागही उपयोगाचाच, त्याचा अर्थ तिथे लपवण्यासारखं काहीतरी होतं.

फोटो उलटा छापलाय का तेही बघा. जर्मन गाड्यांचा नोटेक दिवा, म्हणजे ब्लॅकआउटमध्ये वापरायचा झाकलेला दिवा, डाव्या मडगार्डवर असतो, उजव्या बाजूला दिसला तर बहुधा निगेटिव्ह पालथी पडलीये. आणि गाडी ब्रिटिश म्हणून सैन्य ब्रिटिश हे गृहीत धरू नका, 1940 मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून माघार घेताना ब्रिटिशांनी हजारो गाड्या मागे टाकल्या आणि जर्मनांनी त्या आपला क्रॉस रंगवून सर्रास वापरल्या. नंबर वाचा. ब्रिटिशांकडे एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे ट्रक, त्यांच्या लेखी ट्रक ही छोटी गाडी. जर्मनांकडे डब्ल्यूएच म्हणजे भूदल, डब्ल्यूएल म्हणजे हवाई दल.

फोटोत काय नाही हे तर अजून मोठं. जर्मन प्रचारातले फोटो बघून वाटतं सगळं सैन्य ट्रकवर होतं, पण जून 1941 मध्ये रशियावर चाल करताना त्यांच्याकडे 6 लाखांहून जास्त घोडे होते. घोडागाडीचा फोटो रुबाबदार दिसत नाही ना.

आणि अमेरिकेची रेड बॉल एक्स्प्रेस, म्हणजे आघाडीला रसद पोचवणाऱ्या ट्रकची रांग (मघाच्या लाल गोळ्याशी तिचा संबंध नाही), 25 ऑगस्ट ते 16 नोव्हेंबर 1944. फ्रान्समध्ये आघाडी पुढे पळाली, रेल्वे मोडलेली, तर ऐन भरात जवळपास 6,000 गाड्या रात्रंदिवस माल ओढत होत्या. नियम होता ताशी 25 मैल आणि दोन गाड्यांत 60 यार्ड. ड्रायव्हर इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारा भाग, काढून त्याहून कितीतरी जोरात पळवायचे, पण फोटोत वेग दिसत नाही, फोटोत सगळं शिस्तीतच दिसतं. त्या ड्रायव्हरांत चारातले तीन कृष्णवर्णीय अमेरिकन होते, आणि युद्धानंतर किती वर्षं त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आपल्याकडचंही तेच आहे. कित्येक फोटोंत बॉनेटवरचा एल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचता येतो आणि खिडकीत बसलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं असतं फक्त ‘भारतीय ड्रायव्हर’. ते मला खरंच खुपतं. म्हणून एक विनंती, कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचा ट्रकपाशी उभं राहून काढलेला फोटो असेल तर फक्त पुढची बाजू स्कॅन करू नका, मागचीही करा. पेन्सिलीने लिहिलेलं असतं, पुसट होत चाललेलं असतं, आणि माणसाचं नाव असलंच तर तिथेच असतं.